गिताबाईच्या नावची डबी

शिक्रापूरहून आत वळलं की तीन किलोमीटरवर एक वस्ती लागते. तिथल्या कुणालाही अडवून म्हणा, "दोन आठवडे खोकला?" तो अर्ध्या झोपेतूनही उत्तर देईल, "मग बेडका तपासायला चला!" ही करामत सुरेखाची. सुरेखा वस्तीची आशाताई. सरकारकडून आलेली मूळ घोषणा इतकी लांबलचक होती, की ती म्हणताना निरोगी माणसालाही धाप लागावी. सुरेखानं ती कापून दोन तुकड्यांत बसवली आणि चौदा वर्षं घरोघर वाजवली. आता तर ती दिसली की ओट्यावरच्या बायका तिच्याआधीच म्हणून टाकायच्या आणि हसायच्या. सुरेखाला त्याचं काही वाटत नसे. हसत का होईना, पाठ झालं ना!

तिची खरी ख्याती होती ती बेडका काढून घेण्यात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. लोकांना डबी दिली की लोक थुंकी देतात. थुंकी तोंडातली, बेडका हवा तो छातीतला. हा फरक समजावून सांगताना भल्याभल्यांची वाट लागते. सुरेखा समजावत बसायची नाही, करून दाखवायची. "आधी चूळ भरायची. मग तीनदा खोल श्वास घ्यायचा. आन् मग बेंबीच्या देठापास्नं, असं!" असं म्हणून ती खोकायची, तेव्हा अंगणातल्या कोंबड्या उडून कुडावर बसायच्या. समोरचा माणूस बिचारा निदान तिची मेहनत वाया जाऊ नये म्हणून तरी खोकायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातला लॅब टेक्निशियन गोकुळ हा फार काटेकोर माणूस. सहजासहजी कुणाचं कौतुक करणार नाही. पण इतर गावांच्या आशाताईंना तो म्हणायचा, "सुरेखाताईंच्या डब्या बघा. याला म्हणतात नमुना."

अशा या सुरेखाला दसऱ्याला खोकला झाला.

झाला तर झाला. त्या मोसमात वस्तीत न खोकणारा माणूस शोधावा लागतो. हायवेवर ट्रकांची रांग, रस्त्याच्या कडेला खोदकाम, त्यात सकाळचं धुकं. तिनं शिक्रापूरच्या एका डॉक्टरकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडून दिल्या. लोकांना मात्र ती बजावायची, "कोर्स पुरा करायचा हां! अर्धवट सोडलेलं औषध आन् अर्धवट विझवलेली चूल, दोन्ही फसवतात." उरलेल्या गोळ्या तिनं जपून ठेवल्या. दिवाळीनंतर खोकला परत आला, तेव्हा त्या कामाला आल्या. संक्रांतीनंतर तिसऱ्यांदा आला, तेव्हा गोळ्या संपल्या होत्या आणि सुरेखाची झोपही उडाली होती.

आता संध्याकाळी अंगात कणकण वाटायची. चढावर दम लागायचा. पोषणाच्या दिवशी गरोदर बायांची वजनं घेऊन झाल्यावर सगळ्या गेल्या, तशी ती गुपचूप काट्यावर उभी राहिली. दोन किलो कमी. काट्यात खोट असेल म्हणून तिनं त्यावर पाच किलोची पिठाची पिशवी ठेवून पाहिली. काटा अगदी खरा बोलत होता.

नवऱ्याला, संपतला, तिनं एकदा सहज विचारल्यासारखं केलं. संपत कंपनीत शिफ्टला. त्याच्या जागं असण्याच्या वेळा गाडीच्या टाइमटेबलासारख्या, पाठ केल्याशिवाय सापडायच्या नाहीत. तो म्हणाला, "धुळीचा खोकला हाय. आमच्या लायनीला समदे खोकत्यात. सुपरवायझर बी खोकतो." सुपरवायझर खोकतो म्हटल्यावर विषय संपला.

तिच्यापुरता मात्र संपला नाही, कारण हा खोकला तिच्या ओळखीचा होता.

सुरेखाचं माहेर दौंड तालुक्यात, कासुर्डीला. तिची आई तिथल्या एका गुऱ्हाळावर चुलवणात जळण घालायचं काम करायची. सुरेखा नऊ वर्षांची असताना आईला खोकला लागला. थंडीत यायचा, उन्हाळ्यात जायचा, पुन्हा यायचा. आई पदराचा बोळा तोंडात धरून खोकायची, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. घरात सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी त्या रोगाचं नाव घेत नव्हतं. फक्त एक झालं. कान तुटलेला एक कप दिवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात, वेगळा ठेवला गेला. तो आईचा. चुलतीनं सुरेखाला बजावलं होतं, त्या कपाला हात लावायचा नाही. सुरेखानं लावला नाही. ती अकरा वर्षांची झाली त्या वर्षी आई गेली. मोठी झाल्यावर, आशाच्या ट्रेनिंगला बसल्यावर सुरेखाला कळलं, की औषध तेव्हाही मिळत होतं आणि फुकट मिळत होतं. पण ते घ्यायला आपलं नाव सांगावं लागलं असतं.

ही गोष्ट तिनं चौदा वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. ट्रेनिंगमध्ये मॅडमनी विचारलं होतं, तुम्ही या कामात का आलात. सगळ्यांनी समाजसेवा म्हटलं, तिनंही समाजसेवा म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी बाई, डबी तिच्या पिशवीत, लॅब तिच्या ओळखीची, द्यायचा बेडका आणि व्हायचं मोकळं! हेच तर. लॅब ओळखीची होती. शिक्रापूरच्या बाजारात ओळखीचा माणूस नको तेव्हाच भेटतो, तसं ते ओळखीचं असणंच नडत होतं. आशाताईलाच टीबी म्हटल्यावर बाळंतिणीच्या खोलीत तिला कोण घेणार? ज्या घरांत "घाबरायचं काय त्यात!" असं ती छातीठोक सांगून आली होती, त्या घरांत ती कोणत्या तोंडानं जाणार? लोकांना सांगायचं शहाणपण तिच्याजवळ पोतंभर होतं. त्यातलं चिमूटभरही स्वतःच्या घशाखाली उतरेना.

शेवटी माघातल्या एका सकाळी तिनं ठरवलं आणि डबी घेऊन ती गोठ्याच्या मागं गेली. लेबलावर नाव लिहायचं होतं. पेन टेकवलं आणि आपलं नाव काही लिहवेना. मग तिच्या हातानं सासूचं नाव लिहून टाकलं. गिताबाई, वय बहात्तर. आधार नंबर सगळ्या घराचे तिला पाठच होते. म्हातारं माणूस खोकणारच, त्यात कोण काय बोलतं! हा तिचा हिशेब. एरवी बरोबरही होता. फक्त गिताबाई बहात्तर वर्षांत कधी खोकल्या नव्हत्या, हे ती त्या घाईत विसरली.

गिताबाई म्हणजे काय आवाज! रविवारी विहारात वंदना सुरू झाली की त्यांचा सूर सगळ्यांच्या वर चढून पत्र्याला लागायचा. वस्तीच्या एका टोकाला त्यांनी शेळीला हाक मारली, तर दुसऱ्या टोकाची शेळी वळून बघायची. सर्दीला त्या आळशी माणसांचा रोग समजत. अशा बाईच्या नावची खोकल्याची डबी दुपारी केंद्रात पोचली.

चौथ्या दिवशी गोकुळचा फोन आला.

"ताई, गिताबाई म्हणजे तुमच्या सासूबाई ना?"

"व्हय सर. काय निघालं?"

"काय निघणार? निव्वळ थुंकी पाठवलीय. तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती, ताई. आजींना नीट सांगा. चूळ भरायला लावा. तीनदा श्वास घ्यायला लावा. आणि तुम्ही स्वतः समोर उभ्या राहून घ्या."

सुरेखा "व्हय सर, व्हय सर" करत राहिली. गोठ्यामागं आवाज होऊ नये म्हणून ती पदरात तोंड खुपसून खोकली होती आणि जे हाती लागलं ते डबीत टाकून मोकळी झाली होती. साऱ्या वस्तीला शिकवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या डबीत थुंकी! फोन ठेवल्यावर तिला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. तो खोकता खोकता तिच्या लक्षात आलं, की आपण अगदी आईसारखा पदर तोंडाशी धरलाय. मग मात्र तिला हसू आलं नाही.

तिनं दुसरी डबी दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ. गोकुळ काटेकोर माणूस. दोन दिवस वाट बघून तिसऱ्या दिवशी तो स्वतःच मोटरसायकल काढून वस्तीवर आला.

सुरेखा लसीकरण आटोपून घरी येते तर काय, अंगणात बाजेवर गोकुळ बसलेला, हातात डबी, आणि समोर गिताबाई. कुंपणापलीकडं वच्छलाबाई उभ्या. वच्छलाबाईंची पिठाची गिरणी समोरच. घर धनगराचं. एके काळी मेंढरांमागं फिरणारं, आता पाच एकर आणि गिरणी असं बसलेलं. गिताबाई आणि त्या दोघी तीस वर्षांच्या मैत्रिणी. रोज चार वाजता गिरणीच्या ओट्यावर दोघींचा चहा व्हायचा. तेवढ्या वेळात वस्तीतलं सगळं दळून निघायचं, पीठ सोडून.

गोकुळ सांगत होता, "आजी, ताईंनी तुमचा नमुना पाठवला होता. पण तो नीट आला नाही. तुम्हाला बरेच दिवस खोकला आहे ना? आता माझ्यासमोर द्या."

सुरेखाच्या हातातली पिशवी घसरून कोपरावर आली. गिताबाईंनी मान वळवून सुनेकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग गोकुळकडं वळून त्या म्हणाल्या, "व्हय रं बाबा. लई खोकला हाय. जीव नकोसा केलाय."

आणि त्या खोकल्या. बहात्तर वर्षांचा साठवलेला खोकला म्हणावा असा! शेळीनं दाव्याला हिसका दिला. गोकुळ अर्धा पाऊल मागं सरला. वच्छलाबाईंनी नाकाला पदर लावला. गिताबाईंनी डबीत काहीतरी टाकलं आणि विजयी मुद्रेनं ती परत दिली.

गोकुळनं डबी उन्हात धरून पाहिली. "आजी, ही पण थुंकीच आहे."

"मग आता काय आतडी काढून देऊ?"

"राहू द्या. एक्स-रे काढू. शनिवारी विहारात शिबिर आहे, मशीन इथंच येणार आहे. ताई, यादीत पहिलं नाव आजींचं टाका."

तो गेला. सुरेखा खांबासारखी उभीच. सासू आता विचारणार, हा काय प्रकार, माझं नाव कुणी दिलं. ती उत्तराची जुळवाजुळव करू लागली. गिताबाई उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "भाकरी तू टाकतीस का मी टाकू?" सुरेखानं मनाची समजूत घातली, की म्हातारी माणसं सरकारी माणूस विचारेल त्याला हो म्हणतात. आत्याला काही कळलेलं नाही. सासूला ती आत्या म्हणायची.

वस्तीला मात्र संध्याकाळपर्यंत सगळं कळलं होतं, म्हणजे जे खरं नव्हतं ते. गिताबाईला टीबी झाला. सूनबाई आशाताई असून घरातलंच लपवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी हापशावर गिताबाईंच्या घागरीमागं एका घागरीची जागा सोडून रांग लागली. शेजारची लेकरं त्यांच्या अंगणात खेळायला आली नाहीत. गिताबाई ताठ मानेनं पाणी घेऊन आल्या आणि शेळीला मोठ्यानं शिव्या देत राहिल्या. शेळीचा काही गुन्हा नव्हता.

गुरुवारी चार वाजता त्या नेहमीसारख्या गिरणीवर गेल्या. अर्ध्या तासानं परतल्या, तेव्हा त्यांच्या हातात कागदी कप होता. तो त्यांनी धुतला आणि खिडकीत पालथा ठेवला.

"हे काय आणलं, आत्या?" सुरेखानं विचारलं.

"वच्छलानं चहा दिला यात."

"आन् कपबशी?"

"कपबशी तिनं सोताला घेतली." गिताबाई पाटावर बसल्या. आवाज नेहमीचा नव्हता, चांगलाच खाली आला होता. "ल्हानपनी आमच्या गावात हाटेलाबाहेर आमच्यासाठी फुटका कप टांगलेला असायचा. आपला आपन इसळायचा आन् टांगून जायचं. तवा वेगळा कप मला नवा न्हाई. पर वच्छलाकडनं मिळंल, असं वाटलं नव्हतं गं."

सुरेखा "आत्या, मी..." एवढं म्हणाली आणि खोकला आला, आणि पुढचं तसंच राहिलं. त्या दिवशी तिला घास गेला नाही. तीस वर्षांची मैत्री तिच्या एका खोट्या लेबलानं कागदी कपावर आली होती. आणि लेबल आपल्या हातचं होतं. रोगाला बोल लावायलाही जागा नव्हती. इतकी शरम तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शनिवारी विहारापुढं मांडव पडला. मशीन छोटंसंच होतं, खांद्याला अडकवून नेता येईल असं. लोकांना ते कॅमेऱ्यासारखं वाटलं आणि काही बायका चक्क केस विंचरून आल्या. पण खुर्च्यांवर बसण्यापलीकडं कुणी उत्साह दाखवीना. आधी कुणाचं तरी होऊ दे, मग बघू. गिताबाई पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. वच्छलाबाई आल्या, एका रिकाम्या खुर्चीपर्यंत गेल्या, घुटमळल्या, आणि ती खुर्ची उचलून मागच्या रांगेत घेऊन गेल्या. बसताना त्यांना ठसका लागला. "पीठ गं बाई पीठ," त्या शेजारणीला म्हणाल्या. "गिरणीवाल्याला जन्माचा खोकला."

यादी सुरेखाच्या हातात होती. गोकुळ म्हणाला, "घ्या ताई, पहिलं नाव."

पहिलं नाव गिताबाईंचं. ते ऐकायच्या आधीच गिताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या होत्या. पदर सारखा केला. बहात्तर वर्षांची निरोगी बाई साऱ्या वस्तीदेखत टीबीचा फोटो काढायला निघाली होती, जशी काही बाजाराला. सुरेखानं त्यांची पाठ पाहिली. थोडी वाकलेली, पण थांबायचं नाव नाही. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सुरेखा संपत!"

"कोण?" गोकुळनं विचारलं.

"मी." एकदा सुटल्यावर मग तिला थांबता येईना. "पहिलं नाव माझं हाय. खोकला मला हाय. दसऱ्यापास्नं तीनदा आला. ताप येतो, वजन उतरलंय. मी भ्याले. माझी आय याच खोकल्यानं गेली कासुर्डीला, म्हनून भ्याले. डबी मीच दिली आन् नाव आत्याचं लिवलं. आत्याला कायबी झालेलं न्हाई. तिला शिंक बी आली न्हाई कधी."

सगळे आशाताईकडं बघत होते. गोकुळच्या चेहऱ्यावर मोठं दुःख पसरलं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "ती थुंकी तुमची होती?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पुढून. मग अख्खा मांडव हसायला लागला. सुरेखा रडत होती, तीही त्यात हसायला लागली, आणि हसता हसता खोकायला. या वेळी तिनं तोंडाला पदर धरला तो शिकवल्याप्रमाणे, दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये एवढ्यापुरता.

मशीनवाल्यानं तिला फळीपुढं उभं केलं. "श्वास घ्या. धरा." धरता येईना, मध्येच ठसका आला. दुसऱ्यांदा जमलं. नंतर गोकुळनं तिच्यापुढं डबी धरली. सुरेखा मांडवाबाहेर उघड्यावर गेली, चूळ भरली, तीनदा खोल श्वास घेतला आणि चौदा वर्षांत लोकांना दाखवलेलं सगळं वापरून अशी खोकली, की विहाराच्या पिंपळावरची पाखरं उडाली. गोकुळनं डबी उन्हात धरली आणि मान डोलावली. "याला म्हणतात नमुना."

खुर्चीवर परत येऊन बसल्यावर ती सासूकडं वळली. "आत्या, तुमाला ठावं हुतं?"

"म्हंजी काय! गोठ्यामागं चार म्हयनं कोन खोकतंय, ते मला कळत न्हाई व्हय? म्हैस खोकती असं वाटलं का मला?"

"मग बोलला का न्हाई?"

"तू सांगशील म्हनून वाट बघितली. तर तू माझंच नाव लिवलंस." गिताबाईंनी तिच्या डोक्यावरचा सरकलेला पदर नीट केला. "म्हंजी तुला माझ्या आड उभं ऱ्हायाचं हुतं. म्हनलं, ऱ्हा. कवातरी बाजूला हुशील."

सुरेखानं त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर मांडवात जे झालं, त्याची तयारी गोकुळचीही नव्हती. आशाताईच घाबरली होती, हे कळल्यावर लोकांना एकदम धीर आला. भिणाऱ्याला न भिणारा माणूस काय समजावणार? आता मात्र बाई आपल्यातली निघाली. ज्यांना कधी खोकला नव्हता, त्यांना आठवडाभरापासून असल्याचं आठवलं. एरवी शिबिरातून पाच डब्या नेणाऱ्या गोकुळकडं त्या दिवशी एकोणीस जमल्या. मांडव उतरवताना विसावी आली. वच्छलाबाई पदराआड डबी धरून सुरेखाजवळ आल्या आणि इकडं तिकडं बघत म्हणाल्या, "पिठाचाच हाय. पर बघ बाई एकदा."

मंगळवारी सुरेखाचा निकाल आला. टीबी नाही. फुप्फुसावर डाग नाही. तरी शिरूरला मोठ्या डॉक्टरला दाखवून घ्या म्हणाले, म्हणून संपतनं शिफ्ट बदलून घेतली आणि एस.टी.नं दोघं शिरूरला गेली. डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं, छाती तपासली, आणि कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या ते विचारलं. तीन दिवस, मग उरलेल्या दोन दिवस, हे ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तुम्ही आशा आहात ना?" सुरेखानं मान खाली घातली. धुळीनं श्वासनळ्या आवळतात, दम्याची सुरुवात आहे. दर वेळी अर्धवट बरं झालेलं दुखणं त्यावर बसतं. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप घ्यायचा, रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा. बाहेर आल्यावर संपत म्हणाला, "म्हंजी धुळीचाच की! मी म्हनलं नव्हतं?" आयुष्यात पहिल्यांदा त्याचं निदान बरोबर आलं होतं. सुरेखानं त्याला ते निवांत मिरवू दिलं. स्टँडवर उसाचा रस पिताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. छातीत किती महिन्यांनी जागा झाल्यासारखं वाटत होतं.

पण एकोणीस आणि एक, अशा वीस डब्यांतली एक बोलली. वच्छलाबाईंची.

निकाल सांगायला सुरेखा स्वतः गेली. गिरणी बंद करवली, शेजारी बसली, आणि रोगाचं नाव घेऊन सांगितलं, टीबी आहे. लवकर सापडलाय. सहा महिने गोळ्या, पुऱ्या सहा महिने, मग बरा. घरातल्यांची तपासणी तिनं त्याच आठवड्यात करून घेतली. वच्छलाबाईंनी गिरणीच्या पट्ट्यावरचं पीठ पदरानं पुसलं. "पीठच वाटत हुतं गं," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून रोज चारच्या सुमारास सुरेखा गिरणीवर जायची आणि आपल्यासमोर गोळ्या घ्यायला लावायची. महिना झाला. वच्छलाबाईंच्या तोंडावर थोडी तकाकी आली. पण गिताबाई काही तिकडं फिरकल्या नव्हत्या. रुसणं हा त्यांचा हक्क होता आणि तो त्या मनापासून बजावत होत्या. खिडकीतला कागदी कप त्यांनी अजून फेकला नव्हता.

एक दिवस सुरेखा निघाली, तशा त्याही चपला घालून मागं निघाल्या. ओट्यावर आपल्या जुन्या जागी जाऊन बसल्या. वच्छलाबाई गडबडल्या. आत गेल्या, चहा केला. बाहेर आल्या तेव्हा गिताबाईंसाठी आणि सुरेखासाठी कपबशा होत्या, आणि स्वतःसाठी कागदी कप.

"हे काय?" गिताबाईंनी विचारलं.

"माझ्यासाठी." वच्छलाबाईंची मान वर होईना. "तुला दिला हुता ना मी. आता मलाच."

"सुरेखा," गिताबाई म्हणाल्या, "टीबी कपानं हुतो का गं?"

"न्हाई आत्या. कपानं न्हाई, बशीनं न्हाई. खोकल्यातनं हवेत जातो."

"आयकलंस?" गिताबाईंनी वच्छलाबाईंच्या हातून कागदी कप घेतला, त्यातला चहा आपल्या बशीत ओतला, आणि कप चुरगाळून गिरणीमागच्या उकिरड्यावर भिरकावला. बशी वच्छलाबाईंपुढं सरकवली. "बशी तू घे. कप मी घेती."

वच्छलाबाईंना रडू फुटलं. रडता रडता त्यांनी निम्मी बशी संपवली आणि खाली ठेवली.

सुरेखा हातात गोळ्या धरून ते बघत होती. कासुर्डीच्या दिवळीतला कान तुटलेला कप तिला दिसला. आईला खोकल्याची उबळ आली की तिच्या हातात तो हिंदकळायचा, आणि अकरा वर्षांची ती दारात उभी राहून नुसती बघायची. तिनं ओट्यावरची बशी उचलली आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

"अगं बया, माझी उष्टी बशी!" वच्छलाबाई ओरडल्या.

"आदी गोळी घ्या," सुरेखा म्हणाली.